मनगट, खळ आणि विश्रांतीचं कार्ड: वर्तन-साहाय्य प्रकल्पाच्या नोंदी

1 जुलै 2025, मंगळवार

प्रौढांच्या कार्यशाळेतल्या एका प्रशिक्षणार्थीसाठी सकारात्मक वर्तन-साहाय्याचं (शिक्षा न करता वर्तनाचं कारण शोधून मदत करायचं) काम आजपासून. वय 26, स्वमग्नता आणि मध्यम बौद्धिक दिव्यांगत्व. तोंडी शब्द मोजकेच, पण सांगितलेलं बरंच कळतं. नाव नोंदीत नको. कार्यशाळेत सगळे त्याला दादा म्हणतात, तेच इथे. ठिकाण पुणे. सध्या काम रद्दीच्या कागदी पिशव्यांचं, गणपतीनंतर पणत्या आणि उटणं.

जुन्या फाइलीत जागोजागी 'हट्टी', 'आक्रमक', 'मूड गेला' असे शेरे आहेत. हे मोजता येत नाही आणि त्यावरून उपायही ठरत नाही. म्हणून डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहून दोन वर्तनं पक्की केली:

चावणं: उजवं मनगट दातांत धरणं, वण उठो वा न उठो. दात सुटून तीन सेकंद गेले की पुढची घटना वेगळी.

थाप: उघड्या तळव्याने स्वतःच्या डाव्या गालावर किंवा कानशिलावर मारणं. सलग मारलेल्या थापा म्हणजे एक घटना, मध्ये दहा सेकंदांचा खंड पडला की दुसरी.

दोन्ही एकाच रकान्यात 'स्वतःला इजा' म्हणून टाकायच्या नाहीत. दिसायला सारख्या वाटल्या तरी त्यांची कारणं वेगळी असू शकतात, आणि एकत्र मोजल्या तर ते कधीच कळणार नाही.

मोजायची सोय: मदतनीस ताईंच्या ॲप्रनवर मास्किंग टेपची पट्टी, तीवर पेनने रेघ. वही उघडायला गेलं की नजर दादावरून हटते.

4 जुलै, शुक्रवार

आधी-वर्तन-नंतर तक्ता सुरू. रकाने पाच: वेळ, कुठे आणि कोणाबरोबर, लगेच आधी काय घडलं, वर्तन, लगेच नंतर लोकांनी काय केलं.

पहिल्या तीन दिवसांच्या नोंदींत एकच चूक पुन्हा पुन्हा. 'आधी' या रकान्यात 'कंटाळला', 'लक्ष वेधायला' असं लिहिलं जातंय. तो निष्कर्ष झाला. तिथे हवं ते असं: 'ताईंनी पाचवी पिशवी समोर ठेवली, म्हणाल्या चल आटप.' 'नंतर' हा रकाना तर बराचसा कोराच राहतो, कारण आपण काय केलं ते आपल्याला वर्तनाचा भाग वाटत नाही. खरं तर अर्धं उत्तर तिथेच असतं. तक्त्याच्या माथ्यावर एक बरोबर आणि एक चुकलेली नोंद नमुना म्हणून छापली.

शेजारी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटींचा जाळीतक्ता: आडवे दिवस, उभी वेळ 10 ते 4. घटना नाही तर चौकट कोरी, एक-दोन असल्या तर तिरकी रेघ, तीन किंवा जास्त असल्या तर पूर्ण काळी. ही पद्धत 1985 पासून वापरात आहे आणि अजून तिच्याइतकं स्वस्त साधन नाही.

दोघांनी वेगवेगळं बसून तोच अर्धा तास मोजला. एक-एक मिनिटाचे तुकडे पाडून जुळलेले तुकडे भागिले एकूण तुकडे. 80 टक्क्यांच्या खाली आलं तर आकडे वापरायचे नाहीत, आधी व्याख्या सुधारायची. गडबड एका जागी झाली: मनगट ओठांना नुसतं टेकवलं तर धरायचं का? नाही. ते वेगळं लिहायचं, पूर्वखूण म्हणून. पुढे याचाच उपयोग होणार आहे.

11 जुलै, शुक्रवार

जाळी भरली आणि चित्र स्पष्ट दिसलं.

चावणं जवळपास सगळं 10.30 ते 12 आणि 2.30 ते 3.30, म्हणजे कामाच्या वेळेत. जेवण, प्रार्थना, आवारातली फेरी यांत चौकटी कोऱ्या. थापा याच्या उलट: 1 ते 1.30, जेवणाच्या शेवटी आणि नंतर.

कामातही सगळीकडे नाही. पिशवीचे टप्पे पाच: कागद आखणं, घडी, खळ लावणं, तळ चिकटवणं, दाबून ठेवणं. घड्या तो सुरेख घालतो, कड कडेला लागते. चावणं येतं ते तिसऱ्या टप्प्याला. जवळून पाहिलं तर क्रम असा: बोटाला खळ लागते, तो बोटं पॅंटवर पुसतो, पुन्हा पुसतो, उजवा खांदा कानाकडे उचलला जातो, मनगट ओठांपाशी येतं, मग दात. पुसण्यापासून दातांपर्यंत वीस-पंचवीस सेकंद मिळतात. त्या वेळात ताई 'चल, झालं, लाव पटकन' असं तीन-चारदा म्हणतात. चावलं की खळीची वाटी बाजूला जाते आणि त्याला पाणी देऊन ओसरीवर बसवतात.

दादाच्या बाजूने हा व्यवहार अगदी सरळ आहे. पुसून कोणाला कळलं नाही, खांदा उचलून कोणाला कळलं नाही, चावल्यावर मात्र लगेच सुटका झाली. मनगटावर घट्टा पडला आहे, तोही एवढ्यासाठी. हे पाहिल्यावर त्याला हट्टी म्हणवत नाही.

16 जुलै, बुधवार

वर्तन कशासाठी घडतं ते शोधायची 25 प्रश्नांची प्रश्नावली तिघांकडून वेगवेगळी भरून घेतली: आई, ताई, प्रशिक्षक. तिच्यात पाच गट, प्रत्येकी पाच प्रश्न, उत्तर 0 ते 3, म्हणजे गटाला जास्तीत जास्त 15 गुण: लक्ष, सुटका, एकटं असतानाचं वर्तन, शारीरिक त्रास, वस्तू मिळणं. 16 प्रश्नांची जुनी प्रश्नावलीही हाताशी होती, पण तिच्यात शारीरिक त्रासाचा गट नाही. ज्याला 'दुखतंय' हे शब्दांत सांगता येत नाही, त्याच्यासाठी तो गट गाळणं बरोबर नाही.

चावण्याला तिघांकडूनही 'सुटका' वर. थापेला आई आणि ताई दोघींकडून 'शारीरिक त्रास'. प्रश्नावली एकटी पुरावा ठरत नाही. इथे मात्र ती जाळी आणि तक्ता दोन्हींशी जुळते.

कामाचा ताण मुद्दाम वाढवून चावणं घडवून आणणारी कसोटी करायची नाही. ती प्रशिक्षित देखरेखीत, वैद्यकीय सोय असलेल्या जागी करायची गोष्ट आहे.

18 जुलै, शुक्रवार

योजना लिहायच्या आधी तब्येत. क्रम हाच हवा. दाढ दुखत असेल आणि आपण बक्षिसांचा तक्ता लावून बसलो, तर तो त्या माणसावर अन्याय आहे.

यादी: दात, कान (मळ, सूज), बद्धकोष्ठता, पित्त, झोप, झटके, औषधांचे परिणाम. रिस्पेरिडोनबरोबर (मनोविकारांवरचं औषध) त्याचे दुष्परिणाम आवरणारं ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर शौचाला खडा होण्याची शक्यता बरीच. झटक्यांवरच्या लेव्हेटिरासिटॅमने काहींची चिडचिड वाढते. औषधात आपण हात घालायचा नाही. आपलं काम डॉक्टरांपुढे एक पान ठेवायचं: कोणतं वर्तन, दिवसाच्या कोणत्या वेळी, कधीपासून, औषध कधी बदललं.

थापांच्या नोंदीत ताईंनी डबा लिहायला सुरुवात केली आणि धागा सापडला. वरण-भात असेल त्या दिवशी थाप विरळ, भाकरी किंवा शेंगदाण्याची चटणी असेल त्या दिवशी हमखास. नेहमी डाव्याच गालावर. दंतवैद्यांची वेळ घेतली.

22 जुलै, मंगळवार

योजनेचं एक पान. त्यापेक्षा मोठं कोणी वाचत नाही.

गृहीतक: हाताला चिकट लागणारं काम समोर असताना आणि मागून घाई होत असताना दादा मनगट चावतो, त्यामुळे काम थांबतं. रात्रीची झोप कमी असेल तर हे लवकर घडतं.

आधीच बदलायचं ते: त्याच्याकडे आखणी, घड्या आणि दाबणं. खळ दुसऱ्या टेबलावर, जिथे ती लावायला आवडणारे आहेत. त्याला हवं असेल तर ब्रश. वर्षभर बोटांनी खळ लावायला शिकवण्यात काही शहाणपण नाही. चिकट आवडत नाही, एवढंच ते आहे. (खळ मैद्याचीच, रोज ताजी. टिकावी म्हणून मोरचूद घालायची नाही, इथे काहींचे हात तोंडात जातात.)

सूचना एकच, छोटी, समोर येऊन. मग मनात दहापर्यंत मोजायचं आणि मगच पुन्हा सांगायचं. 'चल आटप' बंद.

भिंतीवर फोटोंचा क्रम: घड्यांचे चार गठ्ठे, मग फेरी. गठ्ठा दहा कागदांचा. काम किती उरलं हे दिसलं की अर्धी धास्ती जाते.

शिकवायचं ते: विश्रांती मागायचं कार्ड. चावण्याने जे मिळतं तेच कार्डाने मिळालं पाहिजे, आणि अधिक लवकर, कमी कष्टात, दर वेळी. या तिन्हींपैकी एक जरी कमी पडलं तरी तो पुन्हा मनगटाकडेच वळेल. या शिक्षणाचा पाया एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांच्या 1985 च्या कामात आहे.

आवड पाहिली: सहा गोष्टी, दोन-दोन समोर ठेवून, एकूण 15 जोड्या. ओसरीवरचा झोपाळा पहिला, रेडिओ दुसरा. चुरमुरे सगळ्यांना वाटलं होतं त्याच्या बरेच खाली.

23 जुलै, बुधवार

जोराचा प्रसंग आला तर काय, हे वेगळ्या पानावर, टेबलाच्या खणात. एकच व्यक्ती बोलेल. बाकीचे इतर प्रशिक्षणार्थींना घेऊन बाहेर. कात्री आणि स्टेपलर उचलायचे. मनगट आणि दातांमध्ये मऊ गुंडाळी सरकवायची, हात ओढायचा नाही, ओढल्याने कातडी फाटते. पालथं पाडणं, छातीवर किंवा पाठीवर भार देणं, हात बांधणं, खोलीत कोंडणं यांतलं काहीही नाही. पालथ्या स्थितीत श्वास गुदमरून जीव जाऊ शकतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 6 क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण देतं, कलम 7 छळ आणि हिंसेपासून. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 च्या कलम 97 ने एकांतात कोंडण्यावर बंदी घातली आहे. त्या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत बौद्धिक दिव्यांगत्व येत नाही. तरी आमच्या इथे हीच खालची मर्यादा समजायची.

28 जुलै, सोमवार

कार्डाचं शिक्षण सुरू. कार्ड 7 सेंमी चौरस, ओसरीवरच्या झोपाळ्याचाच फोटो, लॅमिनेट केलेलं, कोपरे गोल कापलेले, मागे वेल्क्रो. टेबलाच्या उजव्या कडेला चिकटवलं, तो उजव्या हाताने काम करतो म्हणून. खिशात ठेवून पाहिलं, काढायला दोन हालचाली जास्त लागतात.

शिकवायला दोघं लागतात. समोर बसलेली व्यक्ती कार्ड घेणार, मागे उभी व्यक्ती फक्त हाताला मदत करणार, तोंडातून शब्द नाही. बोलून मदत केली की तो पुढे सूचनेची वाट पाहत बसतो आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो. मदत आधी मनगटाशी, मग कोपराशी, मग खांद्याला स्पर्श, मग काही नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळ. मदत पूर्वखुणेवर द्यायची: पॅंटवर पुसलं किंवा खांदा उचलला की लगेच. चावून झाल्यावर कार्ड हातात दिलं तर तो 'आधी चाव, मग कार्ड' अशी साखळी शिकेल. चावलंच, तर काही न बोलता दहा सेकंद थांबायचं. हात खाली आल्यावर एखादी सोपी घडी घालू द्यायची आणि पुढच्या पूर्वखुणेला चपळ राहायचं.

कार्ड दिलं की समोरची व्यक्ती म्हणणार, 'हो दादा, झोपाळा', आणि तो उठणार. तीन मिनिटांची वाळूची घडी. वाळू संपली की घडी त्याच्याच हाताने आडवी ठेवायची आणि परत टेबलाशी.

5 ऑगस्ट, मंगळवार

स्वतःहून कार्ड द्यायला लागला. आणि आता इतकं देतो की सकाळचं काम निम्म्यावर आलं. टेबलावरून तक्रार आली: असं तर तो दिवसभर झोपाळ्यावरच बसेल.

हे अपेक्षित आहे आणि चांगलं आहे. जे मागायचा रस्ता आजवर मनगटातून जात होता, तो आता उघडा झाला. पहिल्यांदाच 'नको' म्हणता येतंय, तर माणूस ते म्हणून बघणारच. या दिवसांत एकदा जरी 'आत्ता नाही' म्हटलं तरी कार्डावरचा भरवसा उडेल. ताणायचं नंतर, हळूहळू. आत्ता प्रत्येक कार्डाला हो.

चावण्याच्या चौकटी कोऱ्या पडू लागल्या आहेत. राखीच्या शेवटच्या ऑर्डरसाठी टेबल गजबजलं आहे, तरीही.

13 ऑगस्ट, बुधवार

दात. पहिल्या भेटीत दंतवैद्यांना तोंडात फक्त डोकावता आलं: डावीकडच्या खालच्या अक्कलदाढेवर हिरडीचा पापुद्रा, खाली अन्न अडकून सूज. भाकरीचा कण तिथे जाणार आणि ठणका लागणार. थापेचा अर्थ तिथेच लागला.

दाढ काढायची ठरली, भूल देऊन. तयारी कार्यशाळेत: आरामखुर्चीत मागे टेकणं, मग डोळ्यांवर चष्मा, मग टॉर्चचा उजेड, मग तोंड उघडून आरसा आत आणि बाहेरून मोठ्याने पाचपर्यंत मोजणं, मग दहापर्यंत. प्रत्येक पायरी शांतपणे झाली की पुढची, तोंड फिरवलं की एक पायरी मागे. नेमका आकडा मोजून थांबणं फार कामी येतं. कधी संपणार हे कळलं की तो तोंड उघडं ठेवतो. दवाखान्यात सकाळची पहिलीच वेळ मागून घेतली. उपाशीपोटी थांबणं आणि गर्दी दोन्ही एकत्र नकोत.

21 ऑगस्ट, गुरुवार

दाढ निघाली. आठवडाभर मऊ जेवण. थापांची पट्टी कोरी.

झोपेचा प्रश्न उरला. घर नदीपात्राजवळ, संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव. आईने भरलेल्या झोपेच्या तक्त्यात उशिरा झोपल्याच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीची कार्डं व चावणं यांचा मेळ बसतो. सराव आपण थांबवू शकत नाही, दुसऱ्या दिवशीचं काम बदलू शकतो. आई सकाळी 9 पर्यंत व्हॉट्सॲपवर एक शब्द पाठवते: चांगली, मध्यम, कमी. 'कमी' आलं तर हलका दिवस: गठ्ठा दहाऐवजी पाच कागदांचा, नवीन काही शिकवायचं नाही, पहिली फेरी अर्धा तास आधी.

कानावरचे आवाजरोधक: आधी रेडिओ चालू असताना दोन मिनिटं, त्याच्याच हाताने लावणं-काढणं. ऐन मिरवणुकीत पहिल्यांदा कानावर घातले तर ते फेकले जातात, मग वर्षभर त्यांना हात लावत नाही.

8 सप्टेंबर, सोमवार

गणपतीच्या सुट्ट्यांनंतर चावणं वाढलं. लगेच 'योजना चालत नाही' म्हणायचं नाही. आधी योजना चालवली जातेय का ते पाहायचं.

आठ मुद्द्यांची तपासणी, वीस मिनिटं, आठवड्यातून एकदा, तपासणारी व्यक्ती टेबलावरची नसावी: कार्ड जागेवर आहे, फोटोंचा क्रम आजचा आहे, सूचना एकच, दहा मोजले, पूर्वखुणेला मदत, कार्डाला दर वेळी हो, वाळूघडी वापरली, घरचा निरोप पाहिला.

आठपैकी चार. कार्ड टेबल पुसताना काढून कपाटात गेलं होतं. सुट्टीत आलेल्या नव्या स्वयंसेवकांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि पिशव्यांची ऑर्डर अडली म्हणून 'एवढा गठ्ठा संपव, मग जा' सुरू झालं होतं. दादाने काहीच बदललं नाही. आजूबाजूची माणसं बदलली आणि त्याने आपला जुना, खात्रीचा रस्ता धरला.

उपाय: कार्डाच्या चार प्रती, एक टेबलाला दोरीने बांधलेली. नव्या माणसाला आधी वीस मिनिटं नुसतं बसून पाहायला लावायचं. ऑर्डरचा हिशेब करताना दादाच्या विश्रांतीचा वेळ वजा करूनच तारीख द्यायची. हे शेवटचं व्यवस्थापनाने लेखी मान्य केलं, ते महत्त्वाचं. टेबलावरच्या ताईंच्या डोक्यावर ऑर्डर ठेवून त्यांच्याकडून धीर मागता येत नाही.

25 सप्टेंबर, गुरुवार

तपासणी दोन आठवडे सलग सात-आठवर. चावणं पुन्हा खाली. आता थांबायला शिकवणं.

कार्ड दिल्यावर 'हो दादा, एक घडी, मग झोपाळा'. घडी म्हणजे कागदाची, एक झाली की लगेच. नंतर दोन, मग चार. टेबलावर गोल ठिपक्यांची पट्टी, प्रत्येक घडीला एक ठिपका तो स्वतः सरकवतो. वाढ सरळ चढत्या क्रमाने करायची नाही, मध्ये मध्ये 'लगेच हो' ठेवायचं, नाहीतर कार्ड म्हणजे जास्त काम असं समीकरण बसतं. झोप 'कमी' असलेल्या दिवशी थांबणं शून्य. खांदा उचलला तर थांबणं तिथेच सोडून झोपाळा. सहाच्या पुढे जायचं कारण नाही. आपल्यापैकी कोणी सहा पाकिटं भरेपर्यंत चहा थांबवतं, त्याहून जास्त त्याच्याकडून का मागायचं?

10 ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीची कामं. पणत्या: पॉलिश पेपरने घासणं, प्रायमर, रंग. ओला रंग बोटाला लागणार हे दिसतच होतं, म्हणून दादाला घासणं आणि वाळलेल्या पणत्या सहा-सहाने खोक्यात लावणं. उटण्याची 50 ग्रॅमची पाकिटं वजनकाट्यावर तो छान भरतो, काट्यावर आकडा जुळला की स्वतःच मान हलवतो. हँड सीलरपाशी नाही, जळक्या प्लास्टिकच्या वासाने तो नाक झाकून दूर होतो. सीलर खिडकीपाशी हलवला, त्याने इतरांचंही भलं झालं.

नवीन कार्ड: 'दुखतंय'. चेहऱ्याचं चित्र, त्यावर बोट ठेवायचं. दुखत नसताना शिकवायला अवघड. खरचटलं, डास चावला, अशा प्रत्येक छोट्या प्रसंगाला शिकवायचं ठरवलं. अजून आपणहून वापरत नाही.

16 ऑक्टोबर, गुरुवार

उद्यापासून सुट्टी. घरी न्यायचं पाकीट: कार्डाच्या दोन प्रती (फोटो घरच्या गच्चीतल्या खुर्चीचा, आईने काढून पाठवला), वाळूची घडी, आवाजरोधक, झोपेचा तक्ता. फटाक्यांच्या संध्याकाळी खिडक्या बंद, रेडिओ चालू. पाहुण्यांना सांगायची दोन वाक्यं आईने स्वतःच लिहिली: 'त्याने कार्ड दिलं की जाऊ द्या. मागे लागू नका.'

सुट्टीनंतर: पहिले दोन दिवस हलके धरायचे. तपासणी पहिल्याच दिवशी. 'दुखतंय' कार्ड चालू ठेवायचं. डिसेंबरच्या कॅलेंडर-बांधणीत गोंद किती लागतो ते आधी पाहून दादाचा टप्पा ठरवायचा. शेजारच्या टेबलावरच्या, वस्तू फेकणाऱ्या प्रशिक्षणार्थी ताईंसाठी जाळीतक्ता सुरू करायचा, व्याख्या सोमवारी पक्क्या करू. मास्किंग टेप संपत आली आहे, दोन रोल आणायचे.